पोर घालेल तो स्वेटर
(सुया-लोकर: वाचकांचे प्रश्न)

या खेपेला आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आहे: ‘एवढं खपून विणलं, पण पोर घालतच नाही.’ कारणं मात्र निरनिराळी. कुणाचा गळा डोक्यातून उतरत नाही, कुणाची लोकर टोचते, कुणाच्या बाह्या चार महिन्यांत कोपरापर्यंत चढतात. म्हणून या वेळी नवा नमुना देत नाही, पत्रंच घेते. माझा एक हेका आहे, तो उत्तरांतून दिसेलच. नमुन्याचं पान उघडायच्या आधी मुलाला जवळ बोलवावं आणि टेप लावावी.

ताई, मी हल्लीच विणायला शिकलो. लेकीसाठी (वय ४) स्वेटर विणला. पुस्तकात ‘४ वर्षांसाठी’ म्हणून १४४ टाके सांगितले होते, तेवढेच घातले. सुयाही सांगितल्याप्रमाणे ४ मिलिमीटरच्या. तरी स्वेटर असा ढगळ झाला, की तिची आत्या म्हणाली, ‘दादा, स्वतःसाठी विणलास का?’ टाके पुन्हा मोजले, बरोबर आहेत. मग गडबड कुठे झाली? — एका लेकीचा बाबा

टाके बरोबर, सुयाही बरोबर. हात मात्र तुमचा आहे, पुस्तक लिहिणाऱ्याचा नाही. नमुन्याच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘१० सेंटिमीटरमध्ये २२ टाके’. ती ओळ वाचून पुढे जाणारे बरेच असतात, आणि सगळा स्वेटर तिच्यावरच उभा असतो. २२ टाक्यांना १० सेंटिमीटर, तर १४४ टाक्यांचा घेर झाला साडेपासष्ट सेंटिमीटर. चार वर्षांच्या मुलीची छाती साधारण ५८ असते, वर सात-आठ सेंटिमीटर ऐसपैस, म्हणजे हिशोब चोख. आता तुमचा हात सैल असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये तुमचे १९ टाके बसत असतील, तर त्याच १४४ टाक्यांचा घेर होतो जवळजवळ ७६. तुम्ही आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा स्वेटर विणलात. फरक फक्त तीन टाक्यांचा.

त्यामुळे आधी तुकडा विणायचा. कंटाळा येतो, मलाही येतो, पण विणायचा. तीसेक टाके घाला, एक ओळ सुलट एक उलट करत पंधरा सेंटिमीटर विणा. मग तो तुकडा पुढे स्वेटर जसा धुणार तसाच धुवा, सपाट पसरून वाळवा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटर मोजा. कडा मोजू नका, त्या नेहमी खोटं बोलतात. सुयांवर असतानाही मोजू नका. न धुता मोजणं तर त्याहून वाईट, कारण काही लोकरी पहिल्या धुण्यात फुलतात, काही ताणल्या जातात. टोपी किंवा मोजा गोल विणणार असाल तर तुकडाही गोलच विणा. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, आणि बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो.

तुकड्यात टाके कमी भरले तर अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड. पण दर वेळी सुई बदललीच पाहिजे असंही नाही. तुमच्या १९ टाक्यांची वीण हातात घेऊन बघा. उजेडात धरली की पलीकडचं दिसतं का? दिसत असेल तर सुई बदला. वीण छान, मऊ, भरलेली असेल तर ती तशीच ठेवा आणि टाके बदला. हवा असलेला घेर ६६, तुमचे दर सेंटिमीटरला १.९ टाके. गुणाकार येतो १२५. बॉर्डर दोन सुलट दोन उलट असेल तर टाक्यांना चारने भाग जायला हवा, म्हणून १२४ घाला. ओळींची एवढी काळजी करू नका, उंची टेपने मोजत विणता येते.

झालेला स्वेटर उसवायचा की लेक मोठी होईपर्यंत ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. मी उसवला असता.

आणि ‘पुरुष माणूस विणतो म्हणून लोक हसतात’ हे पत्राच्या कडेला लिहिलंयत, त्यावर एवढंच सांगते: सोळाव्या शतकात युरोपात मोजे-टोप्या विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते, ते पुरुषांचेच होते. हसणाऱ्यांना तुकडा विणायला बसवा.

माझे सुलट टाके पुस्तकातल्या चित्रासारखे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे दिसत नाहीत. पायात पाय अडकवल्यासारखे दिसतात. गंमत म्हणजे टोपी गोल विणते तेव्हा छान येतात, स्वेटरच्या पाठीला मात्र एकाआड एक ओळ अशी पडते. आईकडून शिकले, तिचं विणकाम तर सुरेख होतं. — दोन जुळ्यांची आई

गोल विणताना येतात आणि सरळ विणताना नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दोष सुलट टाक्यात नाही, उलट टाक्यात आहे. उलट टाका घालताना तुम्ही लोकर सुईवरून न घेता सुईखालून घेत असणार. तो रस्ता जवळचा आहे, हाताला सोपा आहे, आणि जगात असंख्य लोक तसंच विणतात. पण तसं केलं की टाका सुईवर उलट्या तोंडाने बसतो. एरवी त्याचा उजवा पाय (सुईवरच्या फासाची उजवी बाजू) सुईच्या पुढे असतो, इथे डावा पाय पुढे येतो. पुढच्या ओळीत तुम्ही सवयीने पुढच्याच पायात सुई घालता आणि पीळ पडतो.

तुमच्या आईचं विणकाम सुरेख होतं, कारण ती बहुधा पुढच्या ओळीत मागच्या पायात सुई घालत असणार. ते तिने शिकवलं नसेल, किंवा तिच्या लक्षातही आलं नसेल की आपण असं करतो. वर्षानुवर्षं विणणाऱ्या बायकांचा हात काय करतो ते त्यांना विचारून कळत नाही, शेजारी बसून बघावं लागतं.

तेव्हा दोन वाटा आहेत. उलट टाक्याला लोकर सुईवरून घ्यायची सवय लावा, किंवा सवय तशीच ठेवून सुलट ओळीत मागच्या पायात विणा. मी दुसरी सांगेन. पडलेली सवय मोडायला वेळ लागतो, आणि जुळी मुलं घरात असताना तो तुमच्याकडे नाही. फक्त टाके घटवताना जपा. दोन टाके एकत्र विणून ते उजवीकडे झुकवायचे असतील, तर आधी ते दोन्ही टाके फिरवून सरळ तोंडाने बसवून घ्या. आणि गोल विणताना मागच्या पायात विणू नका, तिथे टाके आधीच सरळ आहेत.

मी पहिल्यांदा आजी होणार आहे. टोपडी, बाळमोजे, हातमोजे, नाडीची बंडी, जाळीदार दुलई असा सगळा संच विणायला घेतला आहे. सून म्हणते, ‘आई, टोपडं झोपेत घालायचं नाही, दुलईही नको, नाड्या तर नकोच.’ आमच्या वेळी सगळी मुलं टोपड्यातच वाढली. इतकं विणायचं आणि कपाटात ठेवायचं का? — होणारी आजी

आजीबाई, मनापासून अभिनंदन. आणि सुनेचं बरोबर आहे.

लहान बाळ अंगातली जादा उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतं. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं असलं तर ते तापतं, शिवाय टोपडं घसरून नाकातोंडावर येऊ शकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये सुरक्षित झोपेबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता विभागातली बाळं सोडून घरात टोपी नको, असं म्हटलं आहे. पहिलं वर्षभर झोपायच्या जागी सुटी पांघरुणंही नकोत, असं त्याच सूचना सांगतात. म्हणजे टोपडं विणायचंच नाही असं नाही. बाहेर थंडीत नेताना घालायला ते हवंच. दुलई जागेपणी मांडीवर किंवा जमिनीवर पसरून चालेल, शेजारी कुणी तरी हवं. फक्त ती जाळीदार नको. तान्ह्याची बोटं जाळीत शिरतात आणि त्याला ती काढता येत नाहीत. घट्ट वीण घ्या. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कडा वळत नाही, उलटसुलट बाजू नसते आणि अंगाला जाड, मऊ लागतं.

नाडीबद्दल मी सुनेपेक्षा कडक आहे. गळ्याशी आणि टोपीला नाडी नाही म्हणजे नाही. युरोपातलं मुलांच्या कपड्यांचं एक मानक आहे, ईएन १४६८२. त्याप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-गळ्याजवळ ओढायची नाडी चालत नाही. टोपडं घसरत असेल तर उपाय नाडी नाही, उपाय माप आहे. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर भरतं, सहा महिन्यांचं ४३, वर्षाचं ४६. दोन सुलट दोन उलट अशा बॉर्डरचं टोपडं डोक्यापेक्षा तीनेक सेंटिमीटर कमी घेराचं विणा, ते ताणून बसतं आणि जागचं हलत नाही. बाळमोज्यांचंही तेच. घोट्याला रिबीन ओवण्यापेक्षा घोट्यावर पाच-सहा सेंटिमीटर बॉर्डर विणा.

हातमोजे आणि मोजे आतून उलटे करून बघायची सवय लावून घ्या. आतला सुटा धागा किंवा दोन रंगांची नक्षी विणताना मागे राहिलेला लांब धागा बाळाच्या बोटाला वेढा घालतो. बोट सुजतं, बाळ रडतं आणि कारण कुणाला दिसत नाही. तान्ह्याचे मोजे एकाच रंगात विणा, टोकं आत नीट गुंफून टाका. बटणं लोकरीने लावू नका, ती झिजते. मजबूत दुहेरी दोऱ्याने लावा आणि पूर्ण जोर लावून ओढून बघा. पहिल्या वर्षापुरती बटणंच टाळलीत तर उत्तम. खांद्यावर पुढचा भाग मागच्यावर चढतो तसा गळा विणा, तो डोक्यातूनही उतरतो आणि खांद्यांवरून खालीही.

शेवटचं म्हणजे नवजात मापाचं फार विणू नका. ते माप पाच-सहा आठवड्यांत संपतं. सगळा संच तीन ते सहा महिन्यांच्या मापाचा करा. आणि अंगोरा, मोहेर अशा केसाळ लोकरी तान्ह्यासाठी घेऊच नका. केस सुटून तोंडात जातात.

सहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर झाला, पण गळा डोक्यातून जाईना. रडारड झाली. सगळं उसवावं लागेल का? — घाईतली आई

नाही. फक्त गळ्याची बंद केलेली ओळ उसवा. टाके बंद करताना हात आवळला जातो, ती ओळ ताणत नाही, बाकी गळा ताणतो. दोन नंबर जाड सुई घ्या आणि असं बंद करा: दोन टाके मागच्या पायांतून एकत्र विणायचे, आलेला एक टाका परत डाव्या सुईवर घ्यायचा, पुन्हा पुढच्या टाक्याबरोबर एकत्र विणायचा. असं शेवटपर्यंत. ही कड ताणते. मग गळा हाताने ताणून टेप लावा, मुलाच्या डोक्याच्या घेरापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त भरला पाहिजे. तरीही अडला तर मुळात टाकेच कमी आहेत. अशा वेळी डाव्या खांद्याची शिवण सहा-सात सेंटिमीटर उघडा, दोन्ही कडांना पट्टी विणा, दोन बटणं लावा. मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

मेंढीच्या लोकरीचा स्वेटर विणला, महाग लोकर होती. लेक दोन मिनिटांत काढून टाकते, ‘टोचतं’ म्हणते. तिला लोकरीची ॲलर्जी असेल का? ॲक्रिलिकची कृत्रिम लोकर घ्यायला हवी होती का? — सहा वर्षांच्या मुलीची आई

पुरळ, लाली असं काही उठत असेल तर डॉक्टरांना दाखवा. नुसतं टोचत असेल तर बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते, तंतू जाड असतो. लोकरीचे तंतू मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा तंतू ताठ असतो. त्याचं टोक त्वचेवर टेकतं तेव्हा वाकत नाही, रुततं. मेरिनो जातीच्या मेंढीचे बारीक तंतू १९ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असतात, ते वाकतात म्हणून मऊ लागतात. किंमत आणि मऊपणा यांचा संबंध तुम्ही समजता तितका नाही. भक्कम, टिकाऊ, महाग लोकर चांगलीच टोचरी असू शकते. ती जाकिटाला उत्तम, गळ्याला नाही. पुढच्या वेळी घेताना गुंडा तळहातावर दाबून बघू नका, तळहात निबर असतो. गळ्याशी हनुवटीखाली किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला धरा, दोन मिनिटं थांबा. लेकीला बरोबर न्या आणि तिच्या गळ्याला लावा. तिचं मत अंतिम.

आहे तो स्वेटर वाया जायचं कारण नाही. मुलांना टोचतं ते गळ्याला आणि मनगटाला, बाकी अंगात आतला सुती शर्ट असतोच. गळ्याची पट्टी आणि मनगटाची बॉर्डर उसवा आणि तेवढेच भाग त्याच जाडीच्या मऊ लोकरीत पुन्हा विणा, हवं तर वेगळ्या रंगात. खांद्याची शिवण आतून खरखरीत असेल तर तीवर मऊ सुती फीत लावा. माझ्या घरातला अशा रीतीने वाचलेला एक निळा स्वेटर पिवळ्या गळ्यासकट तिसऱ्या मुलाकडे गेला आहे.

ॲक्रिलिक वाईट नाही. मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, टोचत नाही. शाळेत दप्तराबरोबर फेकला जाणारा स्वेटर मी त्याचाच विणते. पण मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. ॲक्रिलिकला हे जमत नाही, म्हणून खेळून घामाघूम झालेलं मूल त्यात चिकट होतं. आणि आगीजवळ त्याचा भरवसा नाही, ते पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. शेकोटीजवळ न्यायच्या कपड्याला लोकरच घ्या.

एक स्वेटर दोन वर्षं तरी चालावा असं कसं विणायचं? मोठा विणला तर पहिलं वर्ष मुलगा गोणीत घातल्यासारखा दिसतो. — काटकसरी आई

मूल सगळीकडून सारखं वाढत नाही, हीच त्यातली मेख आहे. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान उंची वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढते, छाती जेमतेम अडीच. म्हणजे रुंदीला आजच्या छातीपेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर ऐसपैस ठेवलंत की दोन-तीन वर्षं पुरते. कमी पडतात त्या बाह्या आणि उंची. रुंदी दुप्पट करून स्वेटर टिकत नाही, मूल घालत नाही एवढंच होतं.

म्हणून गळ्यापासून खाली विणा. गळ्याचे टाके घालायचे, चार ठिकाणी खुणा करायच्या: पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या. दर एक ओळ सोडून प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एक-एक टाका वाढवायचा, एका वेळी आठ टाके वाढतात. मुंढ्यापर्यंत आलं की बाह्यांचे टाके धाग्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि धड खाली विणत न्यायचं. मधेच मुलाला घालून बघता येतं, हा याचा खरा फायदा. पुढच्या वर्षी बाही आखूड झाली की मनगटाची बंद ओळ उसवा, बॉर्डर उसवा, टाके सुईवर घ्या, चार सेंटिमीटर वाढवा, बॉर्डर पुन्हा विणा. संध्याकाळभराचं काम आहे. त्यासाठी एक गुंडा आधीच बाजूला काढून ठेवा आणि स्वेटर धुताना तोही बरोबर धुवा, नाहीतर रंग वेगळा दिसतो. मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा हे वेगळं सांगायला नको.

खालून वर विणलेला स्वेटर कपाटात असेल तर तोही वाढतो, पण जरा धीर लागतो. टाके घातलेल्या बाजूने वीण सरसर उसवत नाही. बॉर्डरच्या लगेच वरच्या ओळीतला एक टाका कातरीने कापा, त्या ओळीचा धागा सुईच्या टोकाने एकेक टाक्यातून ओढून काढा. बॉर्डर सुटी होऊन हातात येते, वरच्या बाजूला मोकळे टाके राहतात. ते सुईवर घेऊन खाली विणायला लागा. उलट दिशेने विणल्याने टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या विणीत ते कळतही नाही, वेलबुट्टीत आणि बॉर्डरमध्ये कळतं, म्हणून बॉर्डर नवीच विणा. जुन्या रंगाची लोकर मिळायची नाहीच. तसाच रंग शोधत बसू नका, सरळ विरोधी रंगाचे दोन पट्टे टाका.

सासूबाईंनी ह्यांच्यासाठी विणलेला स्वेटर आहे. कोपरं विरली आहेत, पोटाशी दोन भोकं. उसवून मुलांसाठी काही विणावं असं वाटतं. नणंद म्हणते, ‘आईच्या हातचं आहे, हात लावू नकोस.’ — धाकटी सून

वन्संना आधी स्वेटर उजेडात धरून दाखवा. कुणाला घालता येण्यासारखा असता तर मीही म्हटलं असतं, रफू करा आणि ठेवा. कपाटात राहिला तर त्याला कसर खाईल. विणणाऱ्या बाईला लोकर अंगावर असलेली आवडते, असं मला वाटतं. पण वन्सं नाहीच म्हणाल्या तर थांबा. लोकर वर्षभर वाट बघेल, नातं कदाचित नाही.

होकार मिळाला तर असं करा. आधी गळ्याची पट्टी काढा, मग शिवणी. शिवणीचा धागा कापताना विणीचा धागा कापला जातो, म्हणून चष्मा लावून, उजेडात. प्रत्येक भाग जिथे टाके बंद झाले तिथून उसवायचा, म्हणजे पाठ खांद्याकडून खाली. लोकर थेट गुंड्यात गुंडाळू नका. खुर्चीच्या पाठीभोवती लड करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा, दांडीवर लटकवून वाळवा. जुन्या टाक्यांच्या लाटा जातात. कोपराजवळची विरलेली लोकर निर्दयपणे तोडून टाका, नाहीतर नव्या कपड्यात भोक तिथेच पडेल.

मोठ्या माणसाच्या स्वेटरमधून धडकी चारशे ग्रॅम लोकर निघाली, तरी चार वर्षांच्या मुलाचा एक स्वेटर (अडीचशे ग्रॅम धरा) आणि एक-दोन टोप्या होतात. पैकी एक टोपी वन्संच्या घरी जाऊ द्या.

दुकानातला स्वेटर उसवायचा असेल तर आधी आतली शिवण बघा. कडा कापून मशीनने ओव्हरलॉक केलेल्या असतील तर प्रत्येक ओळ तुटलेली आहे, लोकर वीतभर तुकड्यांत निघेल. हात लावू नका.

लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवते. बाळाचे कपडे त्याच कपाटात ठेवले तर चालेल का?

नको. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफा कपड्यात मुरतात. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी या वाफांनी फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. बाळात ही कमतरता आहे हे घरात बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. डांबरगोळ्यांत राहिलेले जुने कपडे, भावंडांची टोपडी, शाली, काहीही थेट बाळाच्या अंगावर नको.

कसर लागते ती अळीमुळे, आणि अळीला घाम, दूध, डाग लागलेली लोकर अधिक आवडते. तेव्हा धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवा आणि अधूनमधून उन्हात झटका. शंका आली तर पिशवीसकट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा.

चौघांना एकसारखे स्वेटर विणायचे आहेत. चार वेगळे नमुने शोधायचे का? — हौशी मावशी

एकच पुरतो. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या विणकर बाईंनी टक्क्यांचा एक हिशोब मांडला, तो मी कायम वापरते. छातीच्या घेराचे टाके शंभर टक्के धरायचे. मनगट २० टक्के, बाहीचा वरचा भाग ३३ ते ३५, गळा ४०. दोन वर्षांचं मूल असो की सहा फुटी काका, प्रमाण तेच. फक्त तान्ह्याला गळा थोडा मोठा ठेवा, त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं.

सुरुवात सगळ्यात धाकट्यापासून करा. त्याचा स्वेटर हाच बाकी तिघांसाठी टाके मोजायचा तुकडा होतो. लोकर एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्यावरचा रंगाच्या घाण्याचा (एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा) नंबर एकच आहे ना ते बघा. नंबर वेगळे निघाले तर दोन गुंडे दोन-दोन ओळींनी आलटून पालटून विणा, फरक मिसळून जातो. आणि चौघांत कुणी काका असतील तर त्यांना आधी विचारा. मोठी माणसंही विणलेलं घालत नाहीत.

मशीनमध्ये धुतला, निम्मा झाला. काही उपाय?

नाही. गरम पाणी आणि घुसळणं यांनी तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकले, ते आता सुटत नाहीत. त्याचा नमदा, म्हणजे घट्ट बसलेलं जाड कापड झालं आहे. कापला तरी उसवणार नाही, तेव्हा त्याचे बाहुलीचे कपडे, चपलांचे तळ, काही करा. पुढच्या वेळी ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर घ्या. तिच्या तंतूंवर प्रक्रिया करून खवले बोथट केलेले असतात.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. मी विणताना सुया ओढते, ‘मला दे’ म्हणते. शिकवू का? कशापासून सुरुवात करू? — तिची आई

शिकवा. ५ मिलिमीटरच्या आखूड सुया, गुळगुळीत, फिक्या रंगाची, जरा जाड लोकर. काळी नको, टाके दिसत नाहीत. पहिल्यांदा टाके तुम्ही घाला, पंधराच, आणि दोन ओळी विणून द्या, कारण पहिली ओळ मोठ्यांनाही रडवते. मग फक्त सुलट. तिच्या मागे बसा, समोर नको, समोरून सगळं उलटं दिसतं. पंधराचे अठरा टाके होतील, मधे भोक पडेल, ते असू दे. ती झोपल्यावर गुपचूप दुरुस्त करू नका, मुलांना सकाळी कळतं. दहा मिनिटांत कंटाळली तर सुया ठेवून द्या. तो पट्टा वीतभर झाला की दुमडून दोन बाजू शिवा, बाहुलीची पिशवी होते. शिवायचं काम तिलाच द्या.